एकवीस दिवस कोंबडीचे, दीड महिना आपला

“वहिनी, अकरा निघाली होती हो! आज मोजली तर चारच आहेत.”

२०२५ ची होळी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. दौंडहून धाकट्या वन्संचा फोन आला तो असा, रडवेल्या आवाजात. मला आधी काही कळेचना. मग लक्षात आलं, सासूबाईंनी आमच्या शिरूरच्या घरून लेकीला दिलेली तांबडी कोंबडी, तिच्याखाली ठेवलेली बारा अंडी नि त्यांतून निघालेली पिल्लं यांच्याबद्दल हे चाललंय.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पिल्लांसाठी काय रडायचं? पण मैत्रिणींनो, त्या पिल्लांवर वन्संनी किती बेत बांधले होते! तलंगा दिवाळीपर्यंत अंड्यावर येतील, घरच्या पोरांना गावरान अंडी मिळतील, नर विकून धाकटीला सायकल घ्यायची, नि तीही कुणापुढे हात न पसरता. गावरान अंड्याला फार्मच्या अंड्यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो, हे आपल्याला बाजारात रोज दिसतंच. कोंबडीचा पैसा हा बाईचा स्वतःचा पैसा. त्याचा हिशेब ती कुणाला देत नाही. म्हणून तो बुडाला की जिवाला लागतो.

सासूबाई ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाल्या, “चल सूनबाई, जाऊन बघून येऊ. जाताना ते मोठं डालगं घे.”

शिरूरहून न्हावरा, चौफुला करत आम्ही दोघी डालग्यासकट दौंडला पोहोचलो. वन्संचे यजमान रेल्वेत आहेत. क्वार्टरच्या मागे छोटंसं परसू, भिंतीला टेकून पत्र्याचं खुराडं. सासूबाईंनी चहासुद्धा घेतला नाही. खुराड्यापाशी बसून त्यांनी एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. पिल्लं दिवसभर मोकळी असतात का? पाणी कशात ठेवता? रात्री जमिनीवर काय असतं?

अर्ध्या तासात सगळा उलगडा झाला. दोन पिल्लं घारीने नेली होती, ते शेजारच्या काकूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. एक पाण्याच्या घमेल्यात बुडालं होतं. राहिलेल्या चारांचा पत्ता नव्हता. सासूबाईंनी खुराड्यातला पाला बाजूला सारला, तर कोपऱ्यात मुठीएवढं बीळ! बिळाच्या तोंडाशी चिमूटभर पिसं. घुशीने रात्री खालून येऊन एकेक पिल्लू ओढून नेलं होतं नि वरून खुराडं नीट कडी लावून बंद!

तेव्हा सासूबाई जे बोलल्या ते मी तुमच्यासाठी जसंच्या तसं लिहिते. “अंडी उबवायचं काम कोंबडीचं. ती त्यात सहसा चुकत नाही. पिल्लं राखायचं काम आपलं. चुकतो ते आपण.”

कोंबडी खुडूक झाली, हे कसं ओळखाल?

पहिल्यांदा एक गैरसमज दूर करू. दुकानातून आणलेल्या फार्मच्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. तिथल्या कोंबड्यांमध्ये कोंबडाच नसतो, मग अंडी फळणार कशी? रवणीसाठी अंडी घ्यावीत ती कोंबडा असलेल्या घरची. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरतरीत कोंबडा पुरतो.

दुसरं म्हणजे, सगळ्याच कोंबड्या खुडूक होत नाहीत. लेगहॉर्नसारख्या फार्मच्या जातींमधून ही सवय माणसाने मुद्दाम काढून टाकली, कारण खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज या परसातल्या सुधारित जाती. त्या अंडी भरपूर देतात, पण उबवायला बसण्याची ओढ त्यांनाही फारशी नसते. पिल्लं काढायची तर आपली साधी गावरान कोंबडीच हवी. ती वर्षाला पन्नास-साठच अंडी देत असेल, पण आई व्हायचं विसरलेली नाही. पुष्कळ घरी म्हणून सुधारित जातीची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात नि ती ती बिनतक्रार उबवते.

बारा-पंधरा अंडी घातली की गावरान कोंबडी खुडूक होते. मग ती जागेवरून उठत नाही. जवळ गेलात तर पिसं फुलवते, घशातून खुरखुर करते, हात घातला तर टोच मारते. पोटाखालची पिसं गळतात, म्हणजे अंड्यांना अंगाची ऊब थेट लागावी. ही लक्षणं दिसली तरी लगेच सगळी अंडी ठेवू नका. दोन साधी अंडी ठेवून दोन दिवस पाहा. टिकून बसली तर तिच्यावर भरवसा ठेवा.

रवण घालताना

आपल्या शिरूर-दौंड भागात पाऊस बेताचा नि ऊन कडक. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. अशा उन्हात रवणीची अंडी साठवलेलीही टिकत नाहीत नि कोंबडीही तगमगते. म्हणून दसऱ्यापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. शिवाय संक्रांतीच्या सुमाराला निघालेले नर आखाडाच्या तोंडावर विकायला येतात, त्या वेळी गावरान कोंबड्याला मागणी विचारू नका!

अंडी मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची, आठवड्याच्या आतली घ्यावीत. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचीच. ती फ्रिजमध्ये ठेवू नयेत, धुऊही नयेत. धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक थर जातो नि रोगजंतू आत शिरतात. थंड, सावलीच्या जागी निमुळतं टोक खाली करून ठेवावीत.

जागा अंधारी, शांत नि उंदीर-घुशींपासून दूर असावी. पसरट पाटीत तळाला बारीक माती, वर राख नि कडुलिंबाचा सुकलेला पाला, त्यावर उसाचं वाळलं पाचट किंवा मऊ गवत, मध्ये किंचित खोलगट. राखेने नि पाल्याने पिसवा कमी होतात. पिसवांनी हैराण झालेली कोंबडी रवण अर्ध्यावर टाकून उठते, हे ध्यानात ठेवा. सासूबाई पाटीत लोखंडाचा एक तुकडाही ठेवतात, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. लोखंडाने अंडी वाचतात असं काही नाही. पण मी तो काढत नाही, त्याने कोंबडीचं बिघडत नाही नि सासूबाईंची झोप नीट होते!

लहान चणीच्या कोंबडीला दहा, भरदार असेल तर बारा अंडी. जास्तीच्या लोभाने पंधरा-सोळा ठेवली तर कडेची गार पडतात आणि ती आत-बाहेर होता होता सगळ्यांचंच नुकसान होतं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण करा. दुसरी कोंबडी येऊन मध्येच अंडं घालून गेली तर ते ओळखून काढता येतं. कोंबडीला संध्याकाळी बसवावं, रात्रीत ती स्थिरावते. नि त्याच दिवशी कालनिर्णयवर गोल करून ठेवा. तिथून एकवीस दिवस.

या एकवीस दिवसांत तुमचं काम थोडकं. जवळ ज्वारी-बाजरी नि पाणी ठेवा. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते, खाते, धुळीत अंग घोळते नि परतते. उठलीच नाही तर हलकेच उचलून बाहेर ठेवा. अंडी फिरवण्याचं, आतली बाहेर नि बाहेरची आत करण्याचं काम ती चोचीने स्वतः करते.

सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या झोतावर एकेक अंडं धरून पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं फळलं. अगदी स्वच्छ, पारदर्शक दिसलं तर फळलेलं नाही, काढून टाका. नाही तर ते आत नासतं नि कधी कधी फुटून बाकीची खराब करतं. शेवटचे तीन दिवस मात्र कोंबडीला बिलकूल हलवू नका. पिल्लाने आतून कवचाला भोक पाडल्यावर बाहेर यायला कधी कधी पुरा दिवस लागतो. आपल्याला दया येते नि आपण कवच सोलायला जातो. तसं करू नका. आतल्या शिरा सुकलेल्या नसतात, रक्त जाऊन पिल्लू मरतं.

पिल्लं निघाली, आता तुमची पाळी

पिल्लू अंड्यातला बलक पोटात घेऊनच जन्माला येतं. पहिले दीड-दोन दिवस खाणं नसलं तरी चालतं. घाई न करता सगळी निघून, वाळून आईच्या पंखांतून डोकावू लागली की मग पाणी दाखवा. पाणी पसरट ताटलीत आणि त्यात चार गोटे टाका. वन्संचं एक पिल्लू घमेल्यात गेलं ते एवढ्याशा गोष्टीपायी. खायला तांदळाची कणी, बाजरीचा बारीक भरडा, किंवा दुकानात मिळणारं चिक स्टार्टर. खेड्यात मडक्यात शेण-काडी भरून ते ओल्या जमिनीवर पालथं घालतात नि दोन-चार दिवसांत लागलेली वाळवी पिल्लांपुढे टाकतात. पिल्लं तुटून पडतात! खाली ओल राहू देऊ नका, ओलीने रक्ती हगवण लागते.

सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकात थेंबभर टाकतात. आठव्या आठवड्यात मानमोडीचीच दुसरी लस टोचतात. कुपी बहुधा शंभर पिल्लांची येते नि फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून आपण टाळतो. त्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच जणी मिळून एकाच आठवड्यात रवण घाला. एक कुपी, एक फेरी, सगळ्यांची पिल्लं सुरक्षित. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा.

शत्रू कोणता, नि येतो कुठून?

सासूबाईंनी त्या दिवशी वन्संना शत्रू दिशेने मोजायला शिकवले. वरून कोण येतं, जमिनीवरून कोण, नि जमिनीखालून कोण.

वरून येतात घार, शिक्रा नि कावळा. यांची वेळ दिवसाची. कोंबडी आभाळातला शत्रू दिसला की एक लांबट, बारीक आवाज काढते नि पिल्लं जागच्या जागी दडतात. कुत्रा-मांजर दिसलं तर तिचा कलकलाट वेगळा, तुटक नि मोठा. दोन दिवस कान देऊन ऐका, तुम्हाला स्वयंपाकघरातूनही कळेल कोण आलंय ते. पण कळून धावेपर्यंत घार पिल्लू घेऊन गेलेली असते. म्हणून पहिला महिना-दीड महिना पिल्लं डालग्याखाली, किंवा वर आच्छादन असलेल्या कुडाच्या आत. आम्ही वन्संच्या परसात चार काठ्या रोवून जुनी नायलॉनची साडी ताणून बांधली. दोडक्या-कारल्याचा मांडव असेल तर सोन्याहून पिवळं.

जमिनीवरून मांजर, कुत्रा नि मुंगूस. मांजर एक पिल्लू उचलतं नि मागमूस ठेवत नाही. मुंगूस मात्र आत शिरलं की एकावर थांबत नाही, माना चावून चार-पाच टाकतं. त्याला फटही किती लहान पुरते! बाजारात षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला नि कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळीच लावा. महाग पडते, पण एकदाच.

जमिनीखालून घूस नि उंदीर. यांच्यासाठी खुराड्याला फरशी किंवा कोबा करा, नाही तर तीच जाळी तळाला अंथरून कडेने फूटभर जमिनीत पुरा. दर आठवड्याला पाला उचलून कोपरे पाहा. वन्संनी सहा महिने कोपरा पाहिला नव्हता.

राहिला साप. धामण, नाग अंड्यांना नि पिल्लांना येतात, शिवाय उंदरांच्या मागेही येतात. म्हणून अंधारात खुराड्यात हात घालायचा नाही, ही सवय जिवाची. आधी काठीने पत्र्यावर ठोका, बॅटरी मारा, मग हात. साप दिसला तर दार सोडून मागे व्हा नि सर्पमित्राला बोलवा. दुर्दैवाने चावलाच तर कापाकापी, आवळून बांधणं, मंत्र-तंत्र यांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालयात.

आणि हो, रागाच्या भरात विष ठेवू नका. घार, मुंगूस, साप यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, नि विषाला तुमचं मांजर, शेजारचं कुत्रं नि घरचं रांगतं मूल यांतला फरक कळत नाही.

ती रात्र

आता जे सांगते त्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

कोजागरीच्या संध्याकाळी आम्ही शिरूरला पुन्हा रवण घातली, वन्संना शिकता यावं म्हणून. भाऊबीजेला त्या आल्या, तेव्हा खुराड्याची फरशी, जाळी, कडी सगळं त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. त्या परतल्यावर चार दिवसांनी पिल्लं निघाली. दहा अंड्यांतून नऊ.

आमचं घर गावाच्या कडेला, घोड नदीच्या बाजूला. मागे ऊस. पूर्वी हा भाग कोरडवाहू होता. कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला नि उसात बिबट्या आला. तिथेच त्याची पिल्लं वाढली. याच शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये तीन आठवड्यांच्या आत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन लहान मुलं होती. दौंड तालुक्यातल्या उसातही बिबट्या आहेच.

नोव्हेंबरच्या मध्यावरची गोष्ट. हे रांजणगावला रात्रपाळीला गेलेले. दीडच्या सुमाराला कोंबडीने जो आकांत मांडला, की मी उठलेच. डोळ्यांपुढे एकदम दौंडची ती चार पिल्लं आली. बॅटरी घेतली नि मागच्या दाराच्या कडीला हात घातला.

सासूबाईंनी मनगट धरलं. “कडी काढायची नाही.”

“आत्याबाई, पिल्लं—”

“पिल्लं परत काढता येतील. तू एकच आहेस.”

आम्ही आतूनच बाहेरचा दिवा लावला, थाळ्या वाजवल्या, शेजाऱ्यांना फोन केले. पाच-सात घरांतून एकदम दिवे लागले, आरडाओरडा झाला. आकांत थांबला. पण उजाडेपर्यंत दार उघडलं नाही. ते चार-पाच तास मी आयुष्यात विसरणार नाही.

सकाळी पाहिलं तर खुराड्याची जाळी एका बाजूने आत दबलेली, पण तुटलेली नव्हती. ओल्या मातीत पंज्याचे ठसे. वनखात्याची माणसं आली, त्यांनी सांगितलं, बिबट्याच. मी दार उघडलं असतं, तर तो माझ्यापासून दहा पावलांवर असता.

म्हणून मैत्रिणींनो, गावाच्या कडेला, उसाच्या जवळ राहत असाल तर एवढं करा. खुराडं भक्कम करायचं ते दिवसा, म्हणजे रात्री धावायची वेळच येत नाही. मागच्या अंगणाच्या दिव्याचं बटण घराच्या आत घ्या. कोंबडी कापल्यावर पिसं-आतडी परसात टाकू नका, पुरा. त्या वासाने कुत्री येतात नि कुत्र्यांमागे बिबट्या. खुराड्याभोवतीचं गवत, झुडुपं काढा. संध्याकाळनंतर मुलांना पिल्लं कोंडायला पाठवू नका, ते काम दिवस मावळायच्या आत उरका. नि बिबट्या दिसला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. रात्री कोंबडी कितीही ओरडली, तरी एकटीने दार उघडायचं नाही. लेकीसुनांना नि सासूबाईंनाही हे बजावून ठेवा.

त्या दिवशी उन्हं वर आल्यावर सासूबाईंनी खुराड्याची कडी काढली. कोंबडी कोपऱ्यात पंख पसरून बसली होती, डोळे ताठ. तिला हलकेच उचललं, तशी खालून एकेक करून पिल्लं बाहेर आली. मी मोजली. नऊच्या नऊ होती.

वन्संना मीच फोन केला. सगळं ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, आपल्या खुराड्याला ती जाळी कुठल्या दुकानातून आणली, तेवढं सांगा.”